गटाचा आवाज आणि विद्यापीठाची जबाबदारी : महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र



महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे जे संशोधन होते, त्यात विद्यार्थ्यांच्या सहयोगी अध्ययनाचा, म्हणजे चार-पाच मुलांनी एकत्र बसून, एकमेकांशी बोलत, वाद घालत आणि एकमेकांचे ऐकत एखादा प्रश्न सोडवण्यातून घडणाऱ्या शिकण्याचा, अभ्यास हा एक महत्त्वाचा प्रवाह आहे. या अभ्यासांतून तयार झालेले प्रबंध आज बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात असे प्रबंध कोणालाही वाचता येतात. मात्र ज्या ध्वनिमुद्रणांवर, चित्रीकरणांवर, निरीक्षणांच्या वह्यांवर आणि मुलांच्या हातच्या कामावर प्रबंधातील निष्कर्ष उभे असतात, ती मूळ सामग्री बहुधा संशोधकाच्या लॅपटॉपवर, जुन्या मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर पडून राहते, आणि मौखिक परीक्षा पार पडल्यावर तिच्याविषयी विद्यापीठातून सहसा कोणी विचारत नाही. ही सामग्री एकट्या संशोधकाची नाही, ती ज्या मुलांनी दिली त्यांची आहे; शिवाय ती एकेका मुलाची वेगवेगळी नसून गटाची मिळून आहे. म्हणून तिचा सांभाळ संशोधकाच्या व्यक्तिगत शिस्तीवर सोपवून विद्यापीठाला मोकळे होता येणार नाही, एवढे एकच म्हणणे या पत्रात सविस्तर मांडले आहे.

गटात शिकण्याचा विचार नवा नाही. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वंशभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुले एका वर्गात आली, तेव्हा उद्भवलेला तणाव निवळावा म्हणून एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये पाठाचे भाग पाडून प्रत्येक मुलाकडे एकेक भाग सोपवण्याची ‘जिगसॉ’ पद्धत आणली, आणि मुलांना एकमेकांवाचून पाठ पुरा करता येणार नाही अशी रचना केली. महाराष्ट्रात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः आणि इतरांच्या साहाय्याने रचते ही भूमिका, शिक्षक प्रशिक्षणांत रुळली आणि जिल्हा परिषदेच्या असंख्य वर्गांत मुले रांगा सोडून गोलात बसू लागली. जेरेमी रोशेल आणि स्टेफनी टीझली यांनी १९९५ मध्ये केलेल्या मांडणीनुसार सहयोग म्हणजे समोरच्या प्रश्नाविषयी एक सामाईक समज उभी करण्याचा आणि ती टिकवून धरण्याचा सातत्याचा प्रयत्न. ही मांडणी मान्य केली, तर संशोधकाला जे पाहायचे आहे ते कोणत्याही एका मुलाच्या डोक्यात सापडणार नाही, ते मुलांच्या मधोमध घडते. एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा असे एक मुलगी ठामपणे म्हणते, दुसरा मुलगा भाकरीचे आठ तुकडे केले तर वाट्याला किती येईल असे विचारतो, तिसरे मूल काही न बोलता कागदावर वर्तुळ काढून त्याचे भाग पाडते आणि पहिली मुलगी आपले म्हणणे बदलते. या चार घटनांपैकी कोणतीही एक वगळली, तर उरलेल्या तिन्हींचा अर्थ लागत नाही.

या अभ्यासांची विदा, म्हणजे ज्या कच्च्या सामग्रीवरून निष्कर्ष काढला जातो ती सर्व सामग्री, म्हणूनच गुणपत्रकांच्या किंवा प्रश्नावल्यांच्या विदेपेक्षा मुळातच वेगळी असते. तिच्या आकाराची कल्पना यावी म्हणून एका मध्यम अभ्यासाचा हिशेब मांडता येईल. सहा गट, प्रत्येक गटाच्या आठ तासिका आणि प्रत्येक तासिका ४० मिनिटांची धरली, तर एकूण ३२ तासांचे मुद्रण होते. आवाज न आवळता एका वाहिनीवर नेहमीच्या उत्तम दर्जाने साठवला, तर तासाला सुमारे ३१८ एमबी, म्हणजे सगळा अभ्यास १० जीबीच्या आसपास बसतो. चित्रीकरण सेकंदाला ८ मेगाबिट या दराने केले, तर तासाला ३.६ जीबी आणि एकूण सुमारे ११५ जीबी लागतात. विद्यापीठाच्या सर्व्हरच्या मानाने ही जागा नगण्य आहे. खरा खर्च माणसांच्या श्रमांचा आहे, कारण एकमेकांच्या बोलण्यावर बोलणाऱ्या पाच मुलांचे एक तासाचे मुद्रण काळजीपूर्वक लिहून काढायला दहा तास सहज जातात, आणि त्या हिशेबाने या एका अभ्यासाच्या लिप्यंकनाला, म्हणजे बोलणे शब्दशः कागदावर उतरवण्याला, ३२० तास लागतील. इतके श्रम करूनही मूळ मुद्रण हरवले, तर ते पुन्हा मिळवता येत नाही, कारण तोवर मुले वरच्या वर्गांत गेलेली असतात, गट विस्कटलेले असतात आणि त्या दिवशीची ती समज पुन्हा पहिल्यांदा घडू शकत नाही.

ही हानी क्वचितच एखाद्या मोठ्या अपघाताने होते. मुद्रण करणाऱ्या उपकरणाने फायलीला दिलेले नाव तसेच ठेवले जाते आणि वर्षभराने कोणता आवाज कोणत्या गटाचा हे कळेनासे होते. चित्रफीत शाळेतून घरी पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपचा वापर होतो, त्यात ती आवळली जाते आणि दूर बसलेल्या मुलाचा हलका आवाज कायमचा जातो. मुद्रण एकाच पेन ड्राइव्हवर राहते. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक प्रत वेगळ्या ठिकाणी, हा जगभर पाळला जाणारा साधा नियम संशोधकाला माहीत असूनही पाळता येत नाही, कारण वेगळे ठिकाण पुरवणे हे ज्या संस्थेचे काम आहे ती संस्था ते पुरवत नाही. गटाच्या विदेला याखेरीज मेटाडेटाची, म्हणजे विदेविषयीच्या माहितीची, विशेष गरज असते: कोणत्या तारखेला कोणते मूल कोणत्या गटात होते, अनुपस्थित कोण होते, गट कोणी पाडले, कोण कोणाशेजारी बसले होते, लेखणी कोणाच्या हातात होती. प्रत्यक्ष वर्गात गट रोज बदलतात, आणि तारखेनुसार गटांची नोंद नसेल, तर पुढचे सारे विश्लेषण डळमळीत होते.

संख्यात्मक प्रबंधांत या एका त्रुटीचे परिणाम फार दूरवर जातात. चाळीस मुलांना आठ गटांत शिकवून त्यांच्या उत्तरचाचणीच्या गुणांवर ‘टी’ परीक्षिका लावताना ती चाळीस मुले परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरले जाते; परंतु एका गटात बसलेल्या मुलांचे गुण एकमेकांसारखे होणे हाच तर सहयोगाचा अपेक्षित परिणाम आहे. गटांतर्गत साम्याचे माप, ज्याला अंतर्वर्गीय सहसंबंध म्हणतात, केवळ ०.२ असले, तरी पाचांच्या गटात फरकाचे गणित १.८ पटीने फुगते, आणि चाळीस मुलांची माहिती प्रत्यक्षात सुमारे बावीस स्वतंत्र मुलांच्या माहितीइतकीच उरते. ही दुरुस्ती करणे संगणकाला अवघड नाही. गुणांच्या तक्त्यात गटाचा रकानाच नसेल, तर मात्र ती कोणालाच करता येत नाही, आणि अशा प्रबंधातील ‘सार्थ फरक आढळला’ हे वाक्य खरे की खोटे हे पुढे कधीही तपासता येत नाही.

जे बोलले गेले ते निदान मुद्रणात तरी असते. जे बोललेच नाही ते मूल लिप्यंकनात मुळीच दिसत नाही. पाच मुलांच्या गटातील चौघांच्या वाक्यांना ओळी मिळतात, पाचव्या मुलाच्या नावाची ओळच तयार होत नाही, आणि पुढे संकेतन, म्हणजे प्रत्येक वाक्याला प्रश्न, दुरुस्ती, सहमती अशी खूण देण्याचे काम, केवळ लिप्यंकनावर झाले, तर ते मूल अभ्यासातून नाहीसे होते. ते का बोलले नाही हाच कदाचित त्या वर्गातील सर्वांत मोठा प्रश्न असतो. गटात पट्टी आणि रंगपेटी नेहमी मुलांकडे आणि कागद आवरण्याचे काम नेहमी मुलींकडे जाते का, विशिष्ट वस्तीतून येणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर असूनही दुसऱ्याने तेच म्हटल्यावरच स्वीकारले जाते का, या गोष्टी आपल्या समाजात शिकण्याच्या केंद्रस्थानी आहेत, आणि त्यांचा पुरावा चित्रीकरणात, बैठकीच्या आराखड्यात आणि निरीक्षकाच्या वहीतच सापडतो. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत बसवलेल्या संगणकाचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांपर्यंत आला. मुले शिक्षकाविना एकमेकांच्या मदतीने शिकतात हा त्याचा दावा जगभर गाजला आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. अशा वादात कोणाच्या बाजूने बोलावे हे ठरवण्यासाठी संगणकापुढे कोण उभे होते, मागून कोण डोकावत होते आणि गर्दीमुळे कोण परत गेले, हे दाखवणाऱ्या मूळ नोंदींना पर्याय नसतो, कारण सरासरी गुणांत ही तिन्ही मुले एकच होऊन जातात.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रात आणखी खोल आहे. खानदेशातील गट अहिराणीत, मेळघाटातील गट कोरकूत, सातपुड्यातील गट पावरीत, तांड्यावरच्या मुलांचा गट गोरमाटीत आणि सिंधुदुर्गातील गट मालवणीत विचार करतो. तरी प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र सर्व मुले शुद्ध प्रमाण मराठीत बोलताना आढळतात. लिप्यंकन करणाऱ्याने वाचकाच्या सोयीसाठी केलेला हा बदल विदेचा नाश करणारा आहे, कारण मुले आपसांत घरच्या भाषेत तर्क करत असतील आणि शिक्षक जवळ येताच प्रमाण भाषेकडे वळत असतील, तर तेच वळण सहयोगाविषयी पुष्कळ सांगून जाते. योग्य रीत अशी की मूळ बोलणे जसेच्या तसे देवनागरीत उतरवावे, त्याखाली स्वतंत्र ओळीत प्रमाण मराठी अर्थ द्यावा, एकाच वेळी झालेले बोलणे, लांबलेले मौन, हशा आणि न समजलेले शब्द यांसाठी ठरावीक खुणा वापराव्यात, आणि प्रत्येक ओळीला मुद्रणातील वेळ जोडावी, म्हणजे शंका आल्यास कोणालाही मूळ आवाजाकडे परत जाता येईल. लिप्यंकन हे पहिले विश्लेषण असते. ते मूळ मुद्रणाची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये स्पष्टपणे शिकवली जायला हवी.

येथे एका तांत्रिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे, जी क्षुल्लक वाटते परंतु मराठी संशोधनाची फार मोठी हानी करत आली आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएममधील जुने फॉन्ट वापरून टंकलेले लिप्यंकन दिसायला देवनागरी असते, मात्र संगणकाच्या स्मृतीत ते दुसऱ्याच अक्षरांचे संकेत असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की त्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा फायलीत शब्द शोधता येत नाही, मोजता येत नाही आणि ती विश्लेषणाच्या कोणत्याही साधनात घालता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच संकेत आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात समाविष्ट आहे. युनिकोड सक्तीचे करणारी एक ओळ विद्यापीठाच्या प्रबंध-नियमावलीत नसेल, तर ती घालण्यास पैसा लागत नाही. जुन्या फॉन्टमधील लिप्यंकने युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके उपलब्ध आहेत, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार यांची माणसाकडून तपासणी केली, तर पुष्कळ काही अजून वाचवता येईल.

संमतीचा प्रश्न गटाच्या विदेत सर्वांत अवघड आहे. एका मुलाच्या प्रश्नावलीसाठी त्या मुलाच्या पालकांची संमती पुरते. पाच मुलांच्या संवादाला पाच घरांची संमती लागते, आणि चार घरांनी होकार देऊन एकाने नकार दिला, तर काय करायचे हे मुद्रण सुरू होण्याआधी ठरलेले असावे लागते. नकार दिलेल्या मुलाला वर्गाबाहेर बसवणे ही सर्वस्वी अन्यायाची गोष्ट होय. त्या मुलाला गटात शिकण्याचा तोच हक्क आहे, आणि ज्या गटात ते बसेल त्या गटाचे मुद्रण करायचे नाही, हाच रास्त मार्ग आहे. एखाद्या मुलाने किंवा पालकाने नंतर संमती मागे घेतली, तर अडचण आणखी वाढते, कारण त्याची वाक्ये खोडली की इतरांची उत्तरे अधांतरी राहतात. त्या गटाचे चित्रीकरण नष्ट करायचे आणि लिप्यंकनात त्या मुलाच्या वाक्यांच्या जागी ‘येथील बोलणे वगळले आहे’ अशी खूण ठेवायची, की संपूर्ण तासिकाच वगळायची, याचे उत्तर संमतिपत्रात पालकांना आधीच सांगितलेले असले पाहिजे. ते पत्र पालकांना समजणाऱ्या भाषेत असावे आणि वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवावे. मुख्याध्यापकांची परवानगी ही शाळेत येण्याची परवानगी असते, पालकांच्या संमतीची जागा ती घेऊ शकत नाही. मुलांचे स्वतःचे मतही विचारात घ्यावे लागते: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा लेखी होकार पालकांच्या संमतीव्यतिरिक्त वेगळा घ्यावा लागतो. ही तत्त्वे आरोग्य संशोधनासाठी आहेत, परंतु शिक्षणशास्त्राच्या संशोधनातील मुले वेगळी नसतात, आणि विद्यापीठाने तीच रीत त्यांनाही लागू करावी.

एकाच सहीने सर्व उपयोगांना मान्यता घेण्याची पद्धतही सोडली पाहिजे. प्रबंधासाठी वापर, शिक्षक प्रशिक्षणात चित्रफीत दाखवणे आणि पुढच्या संशोधकांसाठी भांडारात ठेवणे हे तीन वेगळे उपयोग आहेत, आणि पहिल्याला होकार देणारी आई दुसऱ्याला नकार देऊ शकते, इतकी साधी मोकळीक संमतिपत्रात असावी. आंतरराष्ट्रीय गणित व विज्ञान अभ्यासाच्या १९९९ च्या चित्रीकरण प्रकल्पात सात देशांतील आठवीच्या ६३८ गणित तासिकांचे विश्लेषण झाले. त्यांपैकी बहुसंख्य चित्रफिती सर्वांसाठी खुल्या झाल्या नाहीत, आणि सार्वजनिक वापराची स्वतंत्र परवानगी असलेले मोजके पाठच जगभरच्या शिक्षकांना पाहता आले. विदा जपणे आणि विदा सर्वांसमोर मांडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या प्रकल्पाने नीट दाखवून दिले आहे.

मुलांची ओळख लपवण्याच्या बाबतीत नुसती नावे बदलून भागत नाही. महाराष्ट्रात आडनावावरून जात आणि अनेकदा गावही कळते, म्हणून टोपणनावे केवळ पहिल्या नावांची असावीत आणि सामाजिक पार्श्वभूमी अभ्यासाला आवश्यक असेल, तर तिची नोंद वेगळ्या, कुलूपबंद तक्त्यात असावी. शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक एखाद्या परिशिष्टात राहून गेला, तर शाळा तत्काळ ओळखू येते, आणि अठरा-वीस पटाच्या शाळेत शाळा कळली की मूल कळते. विद्यार्थ्यांचा सरकारी ओळख क्रमांक अभ्यासातील क्रमांक म्हणून वापरणे तर पूर्णपणे टाळावे. मुले बोलता बोलता बाईंचे नाव घेतात, शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट सांगतात, एखाद्याच्या वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख करतात. हे सारे लिप्यंकनात शोधून झाकावे लागते, आणि आवाज व चेहरा झाकता येत नसल्याने मूळ मुद्रण कधीही खुले करता येत नाही. टोपणनावे आणि खरी नावे यांची सांगड घालणारी यादी विदेपासून वेगळ्या ठिकाणी, शक्यतो विद्यापीठाच्या ताब्यात असावी. आवाजाचे आपोआप लेखन करून देणाऱ्या मोफत संकेतस्थळांवर मुलांची मुद्रणे चढवण्याचा मोह आज मोठा आहे. तो आवरला पाहिजे, कारण मुलांचा आवाज कोणत्या देशातील सर्व्हरवर गेला आणि तेथे त्याचे काय झाले हे संशोधकाला कधीच कळत नाही, आणि कल्लोळात अर्धवट मराठी व अर्धवट बोलीत बोलणाऱ्या मुलांसमोर ही साधने तशीही कमी पडतात.

आता हा विषय केवळ सद्हेतूचा राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. संशोधनाला कायद्याने सवलत दिली आहे. मात्र ती सवलत ठरवून दिलेली मानके पाळली तरच मिळते, आणि त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही ही तिची अट आहे. कृतिसंशोधन करणाऱ्या, म्हणजे स्वतःच्याच वर्गातील अडचणीवर उपाय करून पाहणाऱ्या, शिक्षकासाठी या अटीचा अर्थ गंभीर आहे. तो शिक्षकही आहे आणि संशोधकही. गटचर्चेचे मुद्रण ऐकून त्याने एखाद्या मुलाचे गुण, तुकडी किंवा शेरा ठरवला, तर संशोधनाची सवलत त्याला सांगता येणार नाही. बी.एड. आणि एम.एड.च्या विद्यार्थ्यांना कृतिसंशोधनाचा अहवाल लिहायला लावणाऱ्या विद्यापीठांनी ही सीमारेषा त्यांना आखून दिली नाही, तर दोष त्या विद्यार्थ्यांचा म्हणता येणार नाही.

एवढ्या काळजीनंतर विदा जपण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाते. ब्रायन मॅकविनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये मुलांच्या बोलण्याची लिप्यंकने एकत्र करणारे ‘चाइल्ड्स’ हे भांडार सुरू केले, आणि एका संशोधकाने एका हेतूने केलेल्या मुद्रणांवर पुढच्या पिढ्यांनी वेगवेगळे प्रश्न विचारले. सर्वांनी एकाच खुणा वापराव्यात हा आग्रह धरल्यामुळेच ते शक्य झाले. मराठी माध्यमातील मुले गटात कसा तर्क करतात, अपूर्णांकावर कुठे अडतात, विज्ञानाच्या प्रयोगात कोण कोणाला काय समजावते, याचा तुलना करता येईल असा संग्रह मराठीत उभा राहिला, तर पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना आणि अध्यापक विद्यालयांना त्याचा उपयोग प्रबंधांच्या सारांशांपेक्षा कितीतरी अधिक होईल. भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषदेची विदा-सेवा सर्वेक्षणांसारख्या सामग्रीसाठी आहेच. मुलांच्या आवाजाच्या सामग्रीला मात्र स्थानिक, मर्यादित प्रवेशाचे आणि बोलीभाषा जाणणाऱ्या माणसांच्या देखरेखीखालील ठिकाण हवे, आणि ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाखेरीज दुसरे कोणते असू शकेल?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठाला संशोधन मंडळ आणि माहिती तंत्रज्ञान मंडळ दिले आहे, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. पीएच.डी.च्या नोंदणीचा प्रस्ताव समितीपुढे येतो तेव्हा साधने आणि नमुना यांच्याइतक्याच गांभीर्याने विदा-व्यवस्थापनाचा आराखडा मागावा: कोणते मुद्रण होईल, कोणत्या नावाने आणि कुठे साठेल, संमती किती टप्प्यांत घेतली जाईल, एका पालकाचा नकार आल्यास काय होईल, आणि पदवीनंतर सामग्री कोणाकडे जाईल. संशोधन सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत प्रगती अहवालासोबत या आराखड्याची स्थितीही पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात आणलेल्या संशोधन व प्रकाशन नीतीच्या दोन श्रेयांकांत विदासंचांचा जो भाग आहे, तो मुख्यतः उद्धरणांच्या सूचींविषयीचा आहे. त्याशेजारी मुलांच्या मुद्रणांचा सांभाळ हा स्वतंत्र भाग विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात जोडता येईल. ग्रंथालयात किमान एका व्यक्तीकडे हे काम पूर्णवेळ असावे, मुद्रण पदवीनंतर निदान पाच वर्षे राखून मग ते ठेवायचे की नष्ट करायचे याचा लेखी निर्णय व्हावा, आणि मुलांच्या मूळ वह्यांची छायाचित्रे काढून वह्या त्याच आठवड्यात मुलांना परत कराव्यात, कारण परीक्षेपूर्वी त्यांना त्या लागतात.

एक काम मात्र या साऱ्या नियमांची वाट न पाहता व्हायला हवे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सहयोगी अध्ययनावर पदवी मिळवलेल्या संशोधकांकडे आणि त्यांच्या मार्गदर्शकांकडे प्रत्येक विद्यापीठाने एक साधे पत्र पाठवावे आणि कोणती मुद्रणे, कोणत्या उपकरणावर, कोणत्या संमतीने शिल्लक आहेत ते विचारावे. पुष्कळ मार्गदर्शक निवृत्तीला आले आहेत, जुन्या हार्ड डिस्क एकेक करून बंद पडत आहेत, आणि जी सामग्री राखण्याची संमती कधी घेतलीच गेली नव्हती ती शोधून जबाबदारीने नष्ट करणे हेही याच कामाचा भाग आहे.